रक्तवाहिन्यांचा प्लंबर

१६ जानेवारी १९६४. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओरेगन राज्यातले पोर्टलंड शहर. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ८२ वर्षांची एक वृद्धा दाखल झाली होती. पायाच्या बोटांना गँगरीन झाले होते, पावलावरची जखम भरत नव्हती आणि वेदना असह्य होत्या. शल्यचिकित्सकांचा निर्णय झाला होता : पाय कापावा लागेल. त्या काळातल्या वैद्यकाला धरूनच तो निर्णय होता, त्यात चूक काही नव्हती. पण आजींनी पाय कापून घ्यायला साफ नकार दिला.

शेवटचा प्रयत्न म्हणून त्यांना क्ष-किरण विभागाकडे पाठवण्यात आले. क्ष-किरण विभागाने उपचार करायचे, हीच मुळात चमत्कारिक गोष्ट होती. त्या विभागाचे काम फोटो काढून देण्याचे. उपचार करणार ते फिजिशियन आणि सर्जन. पण विभागप्रमुख चार्ल्स डॉटर यांना ही वाटणी मान्य नव्हती. त्यांनी रक्तवाहिनीत क्ष-किरणांना अडवणारे द्रव्य सोडून चित्र घेतले. मांडीतून खाली जाणारी धमनी एका ठिकाणी, थोड्याच लांबीत, अगदी अरुंद झाली होती. बाकीची वाट बऱ्यापैकी मोकळी होती. मांडीतल्या धमनीत सुई टोचून डॉटर यांनी एक बारीक तार आत सरकवली आणि ती त्या अरुंद जागेतून पलीकडे नेली. तारेवरून सुमारे अडीच मिलिमीटर जाडीची टेफ्लॉनची निमुळती नळी सरकवली. तिच्यावरून दुसरी, सुमारे पाच मिलिमीटर जाडीची. मग सगळे बाहेर काढून टोचल्या जागी दाब दिला. भूल नाही, चिरफाड नाही, टाके नाहीत.

काही मिनिटांत पाऊल गरम लागू लागले. पुढच्या दिवसांत वेदना गेली, जखम भरून आली. आजी आणखी अडीच वर्षे जगल्या आणि न्यूमोनियाने गेल्या, तोवर त्या स्वतःच्या दोन्ही पायांवर चालत होत्या.

आज अँजिओप्लास्टी हा शब्द घराघरात पोहोचला आहे. कुणाच्या काकांना दोन स्टेंट बसवले, कुणाच्या वडिलांचा बलून झाला, अशी चर्चा लग्नाच्या पंगतीतही होते. त्या सगळ्याची सुरुवात पोर्टलंडमधल्या त्या टेबलावर झाली. ती ज्याने केली त्याचे नाव मात्र फारसे कुणाला ठाऊक नाही. शिवाय ‘डॉ. डॉटर’ असे छापले की वाचणाऱ्याला ती मुद्रणदोषाची गंमत वाटते, हा आणखी एक अन्याय.

चार्ल्स थिओडोर डॉटर यांचा जन्म १४ जून १९२० रोजी बॉस्टनमध्ये झाला. बालपण न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर गेले. अभ्यासात इतके पुढे की शाळेत त्यांना वरच्या वर्गात ढकलण्यात आले. त्यामुळे वर्गात ते वयाने आणि चणीने लहान पडत आणि सांघिक खेळांत मागे राहत. त्याची भरपाई त्यांनी पुढे गिर्यारोहणात केली. दुसरा नाद यंत्रे उघडून पाहण्याचा. कुठलीही वस्तू चालते कशी, हे ती सुटी केल्याशिवाय कळत नाही, अशी ज्यांची समजूत असते, त्या जातीचा हा मुलगा होता.

ड्यूक विद्यापीठातून १९४१ मध्ये पदवी, मग न्यूयॉर्कच्या कॉर्नेल विद्यापीठातून १९४४ मध्ये वैद्यकीय पदवी. न्यूयॉर्क हॉस्पिटलमध्ये परिचारिका असलेल्या पामेला बॅटी यांच्याशी त्याच वर्षी लग्न झाले. त्यांना तीन मुले झाली. शिक्षणानंतर डॉटर यांनी रेडिओलॉजी निवडली आणि त्यातही हृदय व रक्तवाहिन्यांचे चित्रण हा भाग धरला. अडचण अशी होती की शिरेत सोडलेले द्रव्य हृदयातून क्षणात निघून जाते आणि त्या क्षणात एखाददुसराच फोटो हाती लागतो. डॉटर यांनी १९५० मध्ये क्ष-किरण फिल्मची गुंडाळी आपोआप पुढे सरकवणारी पेटी तयार केली. तिच्यातून सेकंदाला दोन चित्रे निघत. आज हा वेग हास्यास्पद वाटेल, पण त्या वेळी धावत्या रक्ताचा माग काढायला तेवढा पुरेसा होता. पुढच्याच वर्षी इस्राएल स्टाइनबर्ग यांच्यासोबत लिहिलेला हृदयचित्रणावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

१९५२ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, ओरेगनच्या वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांना रेडिओलॉजीचे विभागप्रमुख केले. इतक्या लहान वयात हे पद मिळणे तिथेही नवलाचे होते. न्यूयॉर्कची प्रतिष्ठा सोडून देशाच्या दुसऱ्या टोकाला जाण्यात धोका होता. पण तिथे डोंगर होते आणि आपल्या मनासारखा विभाग उभा करण्याची मोकळीक होती. पुढची ३३ वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, डॉटर त्याच खुर्चीवर राहिले.

खुर्चीवर हा शब्द तसा चुकीचाच. ते सापडायचे कामाच्या बाकावर. रक्तवाहिनीत घालायच्या तारा आणि नळ्या तेव्हा दुकानात तयार मिळत नव्हत्या. स्वीडनच्या स्वेन सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये एक साधी युक्ती प्रसिद्ध केली होती. आधी सुई टोचायची, सुईतून तार आत घालायची, सुई काढून घ्यायची आणि तारेवरून नळी सरकवायची. धमनी उघडी करण्यासाठी कातडी कापण्याची गरज त्यामुळे संपली. पण ती तार कशाची करायची? डॉटर यांनी गिटारच्या तारा वापरून पाहिल्या, फोक्सवॅगन मोटारीच्या स्पीडोमीटरची केबल वापरून पाहिली, विजेच्या वायरीवरचे प्लास्टिकचे आवरण सोलून त्याची नळी करून पाहिली. लवचिक हवी पण दुमडायला नको, टोक मऊ हवे पण मागून दिलेला जोर पुढे पोहोचला पाहिजे, या अटी पुऱ्या करणारी वस्तू ती मोटारीत सापडते की वाद्यात, याचे त्यांना सोयरसुतक नव्हते.

१९६३ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात निर्णायक ठरले. त्या वर्षी एका रुग्णाच्या मूत्रपिंडाची धमनी तपासायची होती. डॉटर यांनी मांडीतून नळी वर ढकलली आणि ती महाधमनीत पोहोचली. नंतर लक्षात आले की वाटेतली उजव्या बाजूची ओटीपोटातली धमनी तर पूर्ण बंद होती. नळी त्या अडथळ्यातून आरपार गेली होती आणि जाताना वाट मोकळी करून गेली होती. असा अपघात इतर कुणाच्या हातून झाला असता तर घाम पुसून तो विसरला गेला असता. डॉटर यांना त्यात उपचार दिसला. जे चुकून झाले ते मुद्दाम का करू नये?

त्याच वर्षी जून महिन्यात चेकोस्लोव्हाकियातल्या कार्लोव्ही व्हारी या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी रेडिओलॉजिस्टांची परिषद भरली. डॉटर यांना तिथे कॅथेटर तंत्राच्या भवितव्यावर बोलायचे होते. रोग पाहण्यासाठी वापरली जाणारी ही नळी रोग बरा करण्याचे हत्यार होऊ शकते, सर्जनच्या सुरीच्या जागी ती येऊ शकते, असे त्यांनी तिथे मांडले. श्रोत्यांमध्ये प्रागचे एक तरुण रेडिओलॉजिस्ट होते, योसेफ रोश. त्या भाषणाने ते इतके भारावले की चार वर्षांनी देश सोडून पोर्टलंडला डॉटर यांच्याकडे कामाला आले.

त्याच वर्षाच्या अखेरीस शिकागोच्या रेडिओलॉजी संमेलनात आणखी एक गाठ पडली. बिल कुक नावाच्या तरुणाने ब्लूमिंग्टनमधल्या आपल्या फ्लॅटच्या रिकाम्या खोलीत तारा आणि नळ्या बनवण्याचा धंदा नुकताच सुरू केला होता. प्रदर्शनात एक लहान गाळा घेऊन तो ब्लोटॉर्चच्या आचेवर टेफ्लॉनच्या नळीला टोक काढून दाखवत होता. एक टक्कल पडत चाललेला माणूस बराच वेळ घुटमळत पाहत राहिला. संध्याकाळी त्याने ब्लोटॉर्च आणि थोडी नळी रात्रीपुरती उसनी मागितली. कुकने दिली. रात्रभर हॉटेलच्या खोलीत बसून त्या माणसाने दहा नळ्या बनवल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आणून दिल्या. कुकने त्या दहा डॉलरला एक याप्रमाणे विकल्या. हॉटेलवाल्यांना खोलीत काय चालले आहे ते कळले नाही, हे दोघांचेही नशीब. पुढे कुकची कंपनी वैद्यकीय उपकरणांच्या जगात मोठी झाली आणि डॉटर यांच्याशी तिचे नाते शेवटपर्यंत टिकले.

आजींच्या पायाची गोष्ट त्यानंतरच्या जानेवारीतली. नोव्हेंबर १९६४ मध्ये डॉटर आणि त्यांचे सहकारी मेल्विन जडकिन्स यांनी ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात आपला अनुभव प्रसिद्ध केला. नऊ रुग्णांच्या अकरा पायांवर हा प्रयोग झाला होता. सगळेच यशस्वी झाले असा दावा नव्हता. पण ज्यांच्यापुढे पाय कापण्याखेरीज दुसरा पर्याय नव्हता, अशांपैकी काहींचे पाय वाचले होते.

एखाद्याला वाटेल की यानंतर डॉटर यांना डोक्यावर घेतले गेले असेल. झाले उलट. अमेरिकेतल्या रक्तवाहिन्यांच्या सर्जनांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. धमनीतला साका असा ढकलून बाजूला करता येतो, हेच त्यांना पटत नव्हते. तो सुटून पुढे जाईल, बारीक वाहिन्या बंद करील, धमनी फाटेल, अशी त्यांची भीती होती. ती अगदीच निराधार होती असे नाही. जाड नळी ढकलताना बर्फ उपसणाऱ्या फाळासारखा साका पुढे रेटला जाण्याची शक्यता होतीच आणि मांडीत पडणारे भोकही नळीएवढेच मोठे राहत असे. पण विरोधाचे कारण एवढेच नव्हते. अंधाऱ्या खोलीत बसून फिल्म वाचणारा माणूस आता रुग्णाला हात लावणार, हे अनेकांच्या पचनी पडत नव्हते. पोर्टलंडमध्येच एका सर्जनने डॉटर यांच्याकडे रुग्ण पाठवताना मागणीच्या कागदावर शेरा मारला होता की, चित्र तेवढे काढावे, दुरुस्ती करू नये. हा कागद डॉटर यांच्या चरित्रातला एक प्रसिद्ध दस्तऐवज झाला आहे.

त्यात ऑगस्ट १९६४ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने त्यांच्यावर सचित्र लेख छापला. काम करताना डॉटर यांचा चेहरा फार बोलका होत असे. डोळे विस्फारलेले, ओठ आवळलेले, कपाळावर आठ्या. छायाचित्रकाराने नेमके तेच क्षण टिपले. त्यातून ‘क्रेझी चार्ली’ हे नाव पडले आणि चिकटले. डॉटर यांनीही ते पुसण्यासाठी फारसे काही केले नाही. एका व्याख्यानात निम्मे भाषण झाल्यावर त्यांनी बाही वर सारली, तर दंडातून आत गेलेली नळी श्रोत्यांना दिसली. ती त्यांच्या स्वतःच्या हृदयापर्यंत पोहोचलेली होती. तिचे दुसरे टोक यंत्राला जोडून त्यांनी आपल्या हृदयातला दाब पडद्यावर दाखवला आणि भाषण पुढे चालू ठेवले. १९२९ मध्ये जर्मनीच्या वेर्नर फोर्समान यांनी स्वतःच्या हृदयात नळी घालून घेतली तेव्हा त्यांना वेड्यात काढले होते. पुढे १९५६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. डॉटर यांनी तोच प्रयोग व्यासपीठावर आणला.

प्लंबर नळाच्या पाइपात अडकलेला गाळ काढू शकतो तर डॉक्टरने रक्तवाहिनीत तेच का करू नये, हा त्यांचा साधा युक्तिवाद होता. एकावर एक आडवे ठेवलेले पाइप आणि पाना, असे चिन्हच त्यांनी आपल्या कामासाठी काढले होते. पण याच उपमेचा उपयोग करून त्यांनी आपल्या व्यवसायबंधूंना इशाराही दिला. रेडिओलॉजिस्टांनी नुसती नळी घालून दिली आणि रुग्णाची जबाबदारी घेतली नाही, उपचाराआधी आणि नंतर त्याला पाहिले नाही, तर ते महागडे प्लंबर होऊन बसतील आणि हे क्षेत्र दुसरे कुणी घेऊन जातील, असे त्यांनी १९६८ मध्येच बजावले होते. हृदयाच्या बाबतीत पुढे अगदी तसेच झाले. हृदयाच्या अँजिओप्लास्टीचे काम आज हृदयरोगतज्ज्ञ करतात, रेडिओलॉजिस्ट नव्हे.

मायदेशी उपेक्षा होत असताना युरोपने मात्र हे तंत्र उचलले. जर्मनीत एबरहार्ट झाइटलर यांनी ते शिकून शेकडो रुग्णांवर वापरले आणि त्याला डॉटर यांचेच नाव दिले. डच भाषेत तर ‘डॉटरेन’ असे क्रियापदच तयार झाले. नेदरलँड्समध्ये अँजिओप्लास्टी झालेला माणूस आजही आपल्याला ‘डॉटर केले’ असेच सांगतो. माणसाचे आडनाव जिवंतपणी क्रियापद होण्याचे भाग्य किती वैज्ञानिकांना लाभले असेल?

झाइटलर यांच्याकडून हे तंत्र आंद्रेआस ग्रुंट्झिग या तरुण डॉक्टरकडे गेले. ग्रुंट्झिग यांनी झुरिकमध्ये आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नळीच्या टोकाला फुगा बसवण्याचे प्रयोग केले. फुगा मिटलेला असताना नळी बारीक राहते, अरुंद जागी पोहोचल्यावर तो फुगवायचा आणि पुन्हा मिटवून बाहेर काढायचा. मोठे भोक आणि साका पुढे रेटण्याची भीती, दोन्ही अडचणी बऱ्याच अंशी सुटल्या. १९७४ मध्ये त्यांनी हा बलून पायाच्या धमनीत वापरला आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी हृदयाच्या धमनीत. मग अमेरिकेचेही डोळे उघडले. डॉटर यांनी पंधरा वर्षांपूर्वी मांडलेली कल्पना आता युरोपातून आयात होऊन तिथे परतली.

दरम्यान डॉटर थांबले नव्हते. रुंद केलेली धमनी पुन्हा आक्रसते, हे त्यांना सुरुवातीलाच दिसले होते. आत एखादा आधार ठेवता येईल का? १९६९ मध्ये त्यांनी कुत्र्यांच्या पायातील धमन्यांत तारेची स्प्रिंगसारखी वेटोळी बसवून दाखवली. आजच्या स्टेंटचा हा पूर्वज. १९८३ मध्ये ते निटिनॉल या मिश्रधातूकडे वळले. गार असताना सरळ राहणारी आणि शरीराच्या उबेत आपला मूळचा वेटोळ्याचा आकार आठवणारी ही तार. गुठळी विरघळवणारे औषध थेट गुठळीपाशी नळीने थोड्या मात्रेत सोडणे, पोटात होणारा रक्तस्राव थांबवण्यासाठी त्या धमनीचे तोंड आतूनच बुजवणे, अशा कामांतही रोश यांच्याबरोबर त्यांचा हात होता. चिरफाड न करता चित्राच्या मदतीने आत जाऊन उपचार करण्याच्या या शाखेला अलेक्झांडर मार्गुलिस यांनी १९६७ मध्ये ‘इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी’ असे नाव दिले.

या शाखेचा सगळा डोलारा चित्रावर उभा आहे आणि डॉटर यांच्यापाशी असलेले चित्र सपाट होते. क्ष-किरण म्हणजे शेवटी सावली. हाड, आतडे, रक्तवाहिनी सगळे एकमेकांवर पडलेले. पायाखाली चेपलेली रबरी नळी वरून पाहिली तर चांगली रुंद दिसते. बाजूने पाहिली तरच तिच्यात किती जागा उरली आहे ते कळते. धमनीचेही तसेच. म्हणून दोन-तीन दिशांनी फोटो घ्यायचे आणि खोली किती, वळण पुढे की मागे, याचा अंदाज डोक्यात बांधायचा. डॉटर यांच्या पिढीचे कौशल्य हातात जितके होते तितकेच या मनातल्या मांडणीत होते. पायाची सरळ धमनी असेल तर ते जमते. यकृतासारख्या अवयवात, जिथे वाहिन्यांच्या फांद्या एकमेकींवरून जातात, तिथे कोणती फांदी गाठीला रक्त पुरवते हे सावलीवरून ओळखणे अवघड.

या अडचणीचे उत्तर डॉटर यांच्या हयातीतच तयार होत होते, पण दुसरीकडे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातल्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्यांदा एका रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन घेतला. अनेक कोनांतून घेतलेल्या सावल्यांवरून संगणकाने आतला काप मांडून दाखवायचा, ही ती कल्पना. काही वर्षांतच सीटीकडे पाहत सुईने फुप्फुसातला किंवा पोटातला तुकडा काढणे सुरू झाले. पण सीटीचे यंत्र एका खोलीत आणि नळ्यांचे टेबल दुसऱ्या खोलीत, ही फाळणी राहिली. नळी आत असलेल्या रुग्णाला उचलून नेणे म्हणजे ती हलण्याचा धोका.

ही फाळणी मिटवणारे गणित मोटारींच्या कारखानदारीतून आले, हा योगायोग डॉटर यांना आवडला असता. फोर्ड मोटार कंपनीच्या संशोधन विभागातील फेल्डकँप, डेव्हिस आणि क्रेस यांनी १९८४ मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. शंकूच्या आकाराच्या किरणझोताने वस्तूभोवती एकच फेरी मारून घेतलेल्या सपाट चित्रांवरून ती वस्तू पूर्ण त्रिमितीत कशी उभी करायची, याचे ते सूत्र होते. डिजिटल सपाट शोधक आणि वेगवान संगणक आल्यावर हेच गणित रुग्णालयात पोहोचले. नळ्यांच्या टेबलाभोवती इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराचा जो हात असतो, त्याच्या एका टोकाला क्ष-किरणांची नळी आणि दुसऱ्या टोकाला शोधक. रुग्णाने श्वास रोखून धरायचा, हाताने पाच ते वीस सेकंदांत साधारण २०० अंशांची फेरी मारायची आणि शेकडो चित्रांतून संगणकाने अवयव उभा करून द्यायचा. रुग्ण जागचा हलत नाही, आतली नळीही नाही.

यकृताच्या कर्करोगात गाठीला रक्त पुरवणारी फांदी शोधून तिच्यातच औषध सोडायचे असते. त्रिमितीय चित्र फिरवून पाहिले की कोणती फांदी गाठीकडे जाते आणि कोणती निरोगी भागाकडे, ते उलगडते. सपाट चित्रात न दिसलेली एखादी फांदीही सापडते. औषध सोडल्यावर पुन्हा एक फेरी मारून गाठीचा काही भाग राहून गेला का हे तिथल्या तिथे पाहता येते. सुईचा मार्ग आधी त्रिमितीय चित्रावर आखून तो चालू क्ष-किरण चित्रावर उमटवता येतो. याला मर्यादाही आहेत. रुंद झोतामुळे किरण जास्त विखुरतात, म्हणून मऊ ऊतींमधला बारीक फरक नेहमीच्या सीटीइतका स्पष्ट दिसत नाही. रुग्णाने श्वास सोडला तर चित्र धूसर होते. प्रत्येक फेरीला किरणांची मात्रा वाढते, त्यामुळे उठसूट फेऱ्या मारायच्या नसतात.

डॉटर यांना यातले फारसे काही पाहायला मिळाले नाही. त्यांचे शरीर आधीच थकत चालले होते. त्यांना हॉजकिन्स हा लसिका ग्रंथींचा कर्करोग झाला आणि त्यासाठी किरणोपचार घ्यावे लागले. पुढे हृदयविकार जडला. तरीही गिर्यारोहण सुटले नाही; अमेरिकेतली १४ हजार फुटांहून उंच शिखरे त्यांनी एकामागून एक सर केली. १९७८ मध्ये त्यांचे नाव नोबेल पुरस्कारासाठी सुचवले गेले. तो मिळाला नाही. हाउन्सफील्ड यांना मात्र त्याच्या पुढच्या वर्षी अ‍ॅलन कॉरमॅक यांच्यासोबत नोबेल मिळाले.

आयुष्यभर छाती उघडण्याला पर्याय शोधणाऱ्या या डॉक्टरच्या स्वतःच्या हृदयासाठी शेवटी सर्जनच्या सुरीचाच आधार घ्यावा लागला, आणि तोही एकदाच नव्हे. १५ फेब्रुवारी १९८५ रोजी हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीतून पोर्टलंडमध्ये त्यांचे निधन झाले. वय ६४. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रुंट्झिगही स्वतः चालवत असलेल्या विमानाच्या अपघातात गेले.

पोर्टलंडच्या विद्यापीठात १९९० मध्ये डॉटर यांच्या नावाची संस्था सुरू झाली. हॉटेलच्या खोलीत ब्लोटॉर्च घेऊन जाणाऱ्या त्या अनोळखी माणसावर विश्वास टाकणाऱ्या बिल कुक यांनी तिला हातभार लावला. तिचे पहिले संचालक झाले योसेफ रोश, सत्तावीस वर्षांपूर्वी कार्लोव्ही व्हारीच्या सभागृहात बसून डॉटर यांचे भाषण ऐकणारे प्रागचे डॉक्टर.